आरएचा थकवा: व्यायामाने जातो की आणखी वाढतो?

सांजवात: मला आरए म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, बरीच वर्षं झाली. सूज औषधांनी आटोक्यात आहे पण थकवा काही हटत नाही, रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं, कुकर लावायला उठायचं म्हटलं तरी जिवावर येतं. घरचे म्हणतात पडून रहा. माझं स्पष्ट मत, पडून राहिल्याने हा थकवा वाढतोच, कारण स्नायू गळतात आणि मग साधा जिना चढतानाही धाप लागते. युलार म्हणजे युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना, त्यांनीही थकव्यासाठी शारीरिक हालचालीची शिफारस केलीये. आपल्याकडे सीआरपी (रक्तातली सुजेची तपासणी) बघितला, मेथोट्रेक्सेट हे आरएचं नेहमीचं औषध लिहिलं, झाली अपॉइंटमेंट!

आंबट_लिंबू: ताई, राग मानू नका, पण "व्यायाम कर" ऐकून कान किटलेत. मला ल्युपस आहे, तोही प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार. डबे, पोळ्या, लोकल, ऑफिस, परत येऊन स्वयंपाक, ही हालचाल नाही तर काय आहे? वर सासूबाई ऐकवणार की आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो. आणि ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये एमईच्या (सततच्या टोकाच्या थकव्याचा आजार, क्रॉनिक फटिग सिंड्रोम) पेशंटना हळूहळू वाढवत नेणारा व्यायाम द्यायचा नाही असं सांगितलंच ना? मग आम्हालाच का पळवताय?

पेठकर: एमई वेगळा हो. त्यात जरा जास्त श्रम झाले की सगळा आजारच उफाळतो, म्हणून तो निर्णय. तो आरए-ल्युपसला जसाच्या तसा लावता येत नाही. ब्रिटनमध्येच लिफ्ट नावाची ट्रायल झाली, 2022 मध्ये आली, साडेतीनशेच्या वर पेशंट, आरएचे होते तसे ल्युपसचेही. प्रत्येकाला झेपेल असा व्यायाम फोनवरून ठरवून दिला आणि नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपेक्षा त्यांचा थकवा कमी झाला, वर्षभरानंतरही फरक होता. फोनवरून हं, जिम नाही काही नाही.

मी_फिजिओ: लिंबू, घरकाम ही हालचाल आहेच पण कणिक मळणं, पिळे काढणं यात तीच बोटं तीच मनगटं भरडली जातात, आणि दमलात म्हणून मध्ये थांबता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं ठरलेलं असतं, बरं वाटलं त्या दिवशी माळे साफ, डबे घासून लख्ख, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. म्हणून मी म्हणते वाईट दिवशी जेवढं जमेल तेवढ्यापासूनच सुरू करा. दहा मिनिटं चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, जमलं तर थेराबँड, म्हणजे व्यायामाची रबरी पट्टी. सकाळी सांधे आखडलेले असताना नको. दुसऱ्या दिवशीही दमणूक उतरली नसेल तर कमी करायचं, नेटाने रेटायचं नाही. सांधा सुजून गरम झालाय तर त्याला आराम. आणि ल्युपसवाल्यांना कोवळ्या उन्हात फिरा सांगणाऱ्यांना हात जोडा, उन्हाने तो आजार बळावतो.

आंबट_लिंबू: हे पटतंय, पण आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप हे बघा ना! माझं हिमोग्लोबिन कमी होतं, ते कळेपर्यंत सगळे मला चालायलाच पाठवत होते. आणि दहा मिनिटं म्हणजे कोणाची दहा मिनिटं? माझ्या दिवसातली तर आधीच वाटून झालीयेत.

सांजवात: तपासण्यांचं शंभर टक्के मान्य, तू सांगितलंस ते माझ्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. वेळेचं म्हणशील तर आम्ही पोळ्या बाहेरून आणायला लागलो, त्यावरून घरात महाभारत झालं, पण तो वाचलेला वेळ मी चालायला वापरते. पुढच्या अपॉइंटमेंटला नवऱ्याला घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

आंबट_लिंबू: नवरा येईल हो. सासूबाईंना कोण नेणार?