एटीव्हीची दुसरी, वेगमर्यादेची चिपवाली चावी मुंबईत कोण करून देईल?

नमस्कार. मी मुलुंडला राहतो. मांडव्याजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि तिथल्या कामासाठी आम्ही एक वापरलेली एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी, जाड टायरांची चारचाकी) विकत घेतली आहे. भाच्यांच्या दृष्टीने ती मौजेची गाडी असली, तरी एरवी तिच्यामागे छोटी ट्रॉली जोडून शेणखत आणि नारळ वाहिले जातात. गाडीसोबत एकच चावी मिळाली. पुस्तिकेनुसार या मॉडेलसाठी दोन प्रकारच्या चाव्या असतात: एका चावीने इंजिनाची पूर्ण ताकद मिळते, तर दुसरीने ताकद आणि वेग या दोन्हींवर मर्यादा येते. आमच्याकडे पहिल्या प्रकारची आहे आणि मला दुसऱ्या प्रकारची हवी आहे, कारण वाडीची देखभाल करणाऱ्या दादांना पूर्ण वेगाची गरज नाही आणि सुट्टीत येणाऱ्या मुलांच्या हाती तो मुळीच नको.

चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बॅटरी नसलेली चिप असते. चावी स्विचमध्ये घालून फिरवली की स्विचभोवतीच्या कॉइलमधून चिपला ऊर्जा मिळते, ती आपला क्रमांक कळवते आणि तो क्रमांक ईसीयूमध्ये (इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या गाडीतल्या संगणकात) नोंदलेला असेल तरच इंजिन सुरू होते. म्हणजे पात्याचा आकार जुळणे पुरेसे नाही. दादरच्या एका चावीवाल्याने मोटारीच्या चावीप्रमाणे या चिपची नक्कल करून देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र माझ्या समजुतीप्रमाणे नकलेचा क्रमांकही मूळ चावीचाच राहील, त्यामुळे गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतील आणि नव्या चावीनेही पूर्ण ताकदच मिळेल. शिवाय पुढे एक हरवली आणि तिची नोंद ईसीयूतून काढून टाकायची ठरली, तर हातातली चावीसुद्धा निरुपयोगी होईल. हे बरोबर आहे का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न नोंदणीच्या जागेचा. कंपनीच्या अधिकृत यंत्रणेला नवी चावी नोंदवण्यासाठी गाडी समोर हवी आहे. आमच्या एटीव्हीची आरटीओ नोंदणी नाही, म्हणून ती रस्त्यावर चालवत नेता येत नाही. टेम्पोत चढवून मांडव्याहून रो-रोने (वाहने नेणाऱ्या बोटीने) मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरवावी लागेल आणि हा खर्च चावीच्या किमतीपेक्षा जास्त होईल असे दिसते. लॅपटॉप आणि जोडणीची केबल घेऊन वाडीवर येणारा जाणकार मिळू शकेल का? केवळ ईसीयू काढून मुंबईत आणला तर हे काम होते का? कोणी प्रत्यक्ष केले असेल त्यांनीच कृपया सांगावे, अंदाज मीही बांधू शकतो.

तिसरी अडचण सध्याच्या चावीची. कधीकधी स्विच चालू केल्यावर मीटरचे दिवे लागतात, पण स्टार्टर फिरतच नाही. इंजिन बंद करण्याचे लाल बटण योग्य स्थितीत असते, गिअर पार्किंगमध्ये असतो आणि ब्रेकही दाबलेला असतो. बॅटरी तपासून घेतली, ती चांगली आहे. चावी काढून पुन्हा घातली की बहुतेक वेळा गाडी सुरू होते. त्याच जुडग्यात वाडीच्या फाटकाच्या लोखंडी चाव्या आणि मोटारीची चिपवाली चावी असल्यामुळे वाचनात अडथळा येत असेल, असे वाटून एटीव्हीची चावी वेगळी केली. त्याने फरक पडला, पण तक्रार पूर्णपणे गेली नाही. खाऱ्या हवेने कॉइलच्या जोडणीवर गंज चढला असण्याची शक्यता किती, आणि ती जोडणी उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे का?

सगळे काम या एकाच चावीवर चालले असल्याने ती पूर्ण बंद पडण्याआधी दुसरी हाती यायला हवी. त्यामुळे तिन्हींपैकी आधी चावीच्या नोंदणीबद्दल कळले तर बरे होईल.