बेळगावात नवे लेआऊट म्हणजे पालिकेची कमाई की गळ्यातलं लोढणं?

शहापूरकर
एप्रिलमधली पाच टक्के सूट साधायला घरपट्टी भरायला गेलो होतो. रांगेत एकजण म्हणाला, "पडू देत की शेतात प्लॉटचे लेआऊट, पालिकेचं उत्पन्नच वाढतंय." मला काही पटलं नाही. घरी येऊन टेप लावला. आमच्या गल्लीत घराचा दर्शनी भाग बारा फूट. खाली दुकान, वर-मागे बिऱ्हाडं. समोरासमोर घरं, म्हणजे दर घरामागे सहा फूट लांबीचा रस्ता. लेआऊटमधल्या तीस बाय चाळीस फुटांच्या साईटला, म्हणजे प्लॉटला, तोच पंधरा फूट, आणि रस्त्याची रुंदीही दुप्पट. त्यात निम्म्या साईट मोकळ्या, दिवे मात्र रात्रभर गवतावर जळतात. डेव्हलपर रस्ते-गटारं ताब्यात देऊन मोकळा होतो. विकास शुल्क एकदाच येतं, मुद्रांक शुल्क राज्याकडे जातं. वीस वर्षांनी पाईप बदलायचे कुणी? गल्लीतला दुकानदार भरणार, त्याला पट्टीचा दरही जास्त!

मच्छेवाली
काका, त्या बारा फुटांत राहून बघा की. माझ्या सासरी शहापुरातच तिघा भावांच्या वाटण्या झाल्यात, स्कूटर लावायची तर शेजारणीच्या ओट्याशी भांडण. उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळी करणाऱ्यानं राहायचं कुठं? मंजूर लेआऊट अडवलात तर लोक गुंठ्यानं शेत घेऊन नुसत्या बाँडपेपरच्या करारावर घर बांधतात. तिथं रस्ता नाही, गटार नाही, आणि दहा वर्षांनी निवेदन घेऊन पालिकेच्याच दारात.

वडगावचा शिवारवाला
दोघंही जमिनीच्या वरचं बोलताय. बळ्ळारी नाल्याकाठची भातशेती पावसाचं पाणी धरून ठेवत होती, फुकटात. भर टाकली, प्लॉट पाडले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात. आता नाला रुंद करा, गाळ काढा, पंप लावा. हा खर्च लेआऊट मंजूर करताना कुठल्या रकान्यात धरला होता?

नळवाला
हिडकल आणि राकसकोप धरणांचं पाणी उपसून आणावं लागतं. नळ जितका लांब, तितकं वीजबिल आणि गळती जास्त. २००८ मध्ये दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं, उरलेलं शहर वाट बघत बसलं. अशात नळाचं जाळं आणखी लांबवायचं? पण काकांच्या हिशेबात एक चूक आहे. जुन्या गल्लीतले पाईपही कुजलेले आहेत, आणि अरुंद बोळात जेसीबी शिरत नाही. तिथं प्रत्येक फूट हातानं खणावा लागतो.

शहापूरकर
नळाचं मान्य. लेआऊट नकोतच असं म्हणत नाही मी. मंजुरीच्या फाईलला तीस वर्षांच्या देखभालीचा हिशेब जोडा, एवढंच म्हणतो. आणि आधी शहरातल्या मोकळ्या जागा भरू द्या.

मच्छेवाली
भरणार कशा? गुंतवणूक म्हणून साईट घेऊन ठेवणाऱ्यांना मोकळ्या जागेची पट्टी चहापाण्याइतकी. ती दरवर्षी वाढवत न्या, बघा कशी घरं उठतात. खरं सांगा काका, तुमच्या नावावर किती मोकळ्या आहेत?

शहापूरकर
एक आहे. मुलीच्या लग्नासाठी ठेवलीय.