जुन्या दोन सीटर स्पोर्ट्स कारचा एसी: पळताना बरा, सिग्नलला थांबलं की गरम हवा

मागचं_इंजिन
नमस्कार मंडळी, गाडी १९९१ ची आहे, दोन सीटर, इंजिन सीटच्या मागे आणि कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), रेडिएटर दोन्ही पुढे नाकात. एसी अगदीच बंद नाही पण जीव नाही त्यात. हायवेला लागलं की बरा असतो, म्हणजे थंड म्हणता येईल असा, पण ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की दोन मिनिटांत कोमट हवा यायला लागते आणि मग काच खाली केलेली बरी वाटते. व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचून बघितला, बाहेर ३२ असताना पळत्या गाडीत १५-१६ आणि उभ्या गाडीत २२ च्या वर जातो.

गाडी मूळ आर-१२ (एसीचा जुना गॅस) वाली, आधीच्या मालकाने कधीतरी आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर करून घेतलेली, नक्की काय काय बदललं त्याचा कागद नाही. मी घेतल्यावर एका एसीवाल्याकडे गॅस भरून घेतला, थोडे दिवस फरक वाटला की वाटला असं वाटलं कोण जाणे. आता तो म्हणतो कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) गेलाय, नवीन टाका. कंप्रेसरचा क्लच लागतोय, आवाजही काही वेगळा नाही. कंप्रेसर टाकायच्या आधी काय काय बघू?

गेजवाला_काका
कंप्रेसरला हात लावू नका अजून. ज्याने गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारे काटे) न लावता कंप्रेसर गेला सांगितलं त्याच्याकडे परत जायचीही घाई नको.

तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. पळताना थंड आणि उभं राहिल्यावर गरम म्हणजे पहिला संशय कंडेन्सरवरच्या हवेवर. पळत्या गाडीत समोरून वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. पण आर-१२ वरून आर-१३४ए केलेल्या गाडीत आणखी एक भानगड असते, जुना कंडेन्सर आर-१२ च्या हिशोबाने बनवलेला असतो आणि आर-१३४ए ला उष्णता टाकायला जास्त जागा लागते, त्यामुळे मुळातच मार्जिन कमी, त्यात पंखा जरा जरी ढिला असेल तर उभ्या गाडीत प्रेशर चढतं आणि कूलिंग पडतं.

तेव्हा दोन्ही बाजूंना, म्हणजे लो साइड (कंप्रेसरकडे परत येणारा गॅस) आणि हाय साइड (कंप्रेसरने दाबून पुढे ढकललेला गॅस), गेज लावा आणि आकडे इथे टाका. इंजिन बंद, गाडी थंड असताना आधी बघा, ३० डिग्रीला आर-१३४ए चं उभं प्रेशर साधारण ९७ पीएसआय यायला पाहिजे. ते बरोबर आलं म्हणजे गॅस बरोबर भरलाय असं मात्र समजू नका हां, सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस असेल तरी तोच आकडा दिसतो, गॅस किती ग्रॅम आहे ते त्यावरून कळत नाही. पण आकडा त्यापेक्षा बराच वर असेल तर आत हवा शिरलेली आहे किंवा दुसराच कुठला गॅस मिसळलाय.

मग गाडी चालू, एसी फुल, ब्लोअर फुल, दारं उघडी, रेझ १५०० आरपीएमच्या आसपास धरून. लो साइड २५ ते ४० मध्ये आणि हाय साइड ३२ डिग्रीला ढोबळमानाने २०० ते २२५ च्या आसपास असली तर समाधान. आता वाचायचं कसं: दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी, आणि रेझ करूनही फरक पडत नाही, तर कंप्रेसरचे व्हॉल्व्ह गेलेत, तेव्हा कुठे तुमच्या एसीवाल्याचं म्हणणं खरं. लो साइड व्हॅक्यूमकडे जायला लागली तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारा) अडकलाय किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) चोक आहे, ड्रायरच्या पुढच्या पाइपावर घाम किंवा बर्फ दिसतो का हात लावून बघा. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त, किंवा हवा आत, किंवा कंडेन्सरला वारा नाही.

हीटरकॉक
काकांनी गॅसच्या बाजूचं सगळं सांगितलंच आहे, मी हवेच्या बाजूचं सांगतो कारण तिकडे कोणी बघतच नाही. जुन्या गाडीत कूलिंग कॉइल हवा थंड करते आणि पुढे हीटर तीच हवा परत गरम करतो असा प्रकार सर्रास चालू असतो. हीटर कॉक केबलवर असेल तर केबल सैल पडून कॉक पूर्ण बंद होत नाही, थोडं थोडं गरम पाणी हीटरमध्ये फिरतच राहतं. तुम्ही नॉब निळ्याच्या टोकाला नेलाय म्हणून समाधानी असता आणि आत ८५-९० डिग्रीचं पाणी चालू!

टेस्ट सोपी आहे. गाडी थंड असताना हीटरला जाणारा होज पाइप फडकं गुंडाळून क्लॅम्पने दाबा, फार जोरात नको, तीस वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि चिरलं तर कूलंट सगळा खाली. मग चालवून बघा. व्हेंटचं तापमान सपकन खाली आलं तर कॉक बदला किंवा केबल ताणा. तुमचं इंजिन मागे आहे म्हणजे ते गरम पाण्याचे पाइप मधल्या बोगद्यातून पुढे जातात, बोगद्याला हात लावून बघा किती तापतोय, त्यावरचं इन्सुलेशन बहुतेक गाड्यांमध्ये कुणीतरी काढून फेकलेलं असतं.

दुसरं, डॅशच्या आतल्या झडपांच्या कडेला जो फोम असतो त्याचा या वयात भुगा होतो. व्हेंटमधून काळे कण उडत असतील तर तोच तो. मग झडप बंद होऊनही कडेने गरम हवा मिसळते. आणि रिसर्क्युलेशनची झडप खरंच बंद होते का तेही बघा, नाहीतर तुम्ही बाहेरची ३२ डिग्रीची हवा सतत नव्याने थंड करताय आणि एवढ्याशा सिस्टिमकडून फार अपेक्षा ठेवताय.

सावलीत_पार्क
मी म्हणतो परत आर-१२ वर जा. मूळ डिझाइन त्याच गॅससाठी आहे, सगळे प्रॉब्लेम या कन्व्हर्जनमुळेच.

गेजवाला_काका
@सावलीत_पार्क तत्त्वतः बरोबर पण गॅस आणणार कुठून? १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९५ संपेपर्यंत आर-१२ बनवणं बंद केलं, बाकीच्यांनी २०१० पर्यंत. जे मिळतं ते जुन्या साठ्यातलं, आणि सिलिंडरवर आर-१२ लिहिलंय म्हणून आत आर-१२ च असेल याची खात्री नाही. काही लोक आर-१२ च्या जागी चालेल म्हणून प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण भरतात, ते थंडही करतं, पण ते जळतं, आणि कूलिंग कॉइल डॅशच्या आत तुमच्या गुडघ्यांसमोर असते. मी तर नाही भरणार. कन्व्हर्जन नीट केलं असेल तर आर-१३४ए वर छान चालतात जुन्या गाड्या, प्रश्न असा की नीट म्हणजे काय केलं ते कुणी बघत नाही, फक्त गॅस भरायचे नोझल बदलतात आणि झालं कन्व्हर्जन.

मागचं_इंजिन
गेज मिळाले एका मित्राकडून. बाहेर ३२. बंद गाडीत दोन्हीकडे १०४. चालू, आयडलला लो ४८ आणि हाय ३१०. १५०० ला लो ४२, हाय २९५. हीटरचा होज दाबला तर व्हेंट १६ वरून १२ वर आला पळताना!! म्हणजे हीटरकॉक साहेबांचं निदान पक्कं, केबलच इतकी सैल होती की कॉक पाऊण बंद होऊन थांबायचा. केबल ताणली आहे. पण उभ्या गाडीत अजून तेच, १९-२० च्या खाली जात नाही. पंखा चालू होतो एसी लावला की, आवाज येतो, तो मीच ऐकलाय. आणखी एक, ट्रॅफिकमध्ये इंजिन टेम्परेचरचा काटाही थोडा वर सरकतो, मी ते जुन्या गाडीचं चालायचंच म्हणून सोडून दिलं होतं.

गेजवाला_काका
१०४ म्हणजे ३२ डिग्रीला अगदी जिथे पाहिजे तिथे आहे, हवा फारशी नाही आत. आणि चालू गाडीत दोन्ही जास्त. कंप्रेसर ठणठणीत आहे तुमचा, ३१० पर्यंत दाबतोय म्हणजे काय कमी दाबतोय का.

आता एक करा, गाडी आयडलला ठेवून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि हाय साइडच्या गेजकडे बघा. ३१० वरून पटकन २०० च्या आसपास आलं आणि व्हेंटही गार झाला तर वाऱ्याचा प्रॉब्लेम. कमीच झालं पण अजून बरंच वर राहिलं तर गॅसही जास्त आहे. आणि एसीवाल्याने गॅस किती भरला ते विचारा, ग्रॅममध्ये.

पाना_पेंचिस
पंख्याचा आवाज येतो म्हणजे पंखा काम करतोय असं नाही हं. कंडेन्सरसमोर कागद धरा. पंखा पुढे बसवलेला असो की मागे, हवा बाहेरून आत गेली पाहिजे, कागद जाळीला चिकटला पाहिजे. पंख्याची मोटर कधी बदलली असेल आणि वायर उलट्या जोडल्या असतील तर डीसी मोटर उलटी फिरते, आवाज तोच, वारा बाहेर. पळताना समोरचा वारा त्याला दाबून टाकतो म्हणून कळत नाही, उभ्या गाडीत मात्र रेडिएटरची गरम हवा कंडेन्सरमधून पुढे खेचली जाते. तुमचा टेम्परेचरचा काटा चढतो म्हणताय त्यावरून मला हाच वास येतोय. रेडिएटरचा पंखा मागून आत ओढतोय आणि पुढचा बाहेर ढकलतोय, दोघांची रस्सीखेच.

तिथे वाकलाच आहात तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. पुढून स्वच्छ दिसतं आणि मधे पानं, किडे, माती यांची गोधडी असते. आणि कडेच्या रबर-फोमच्या पट्ट्या, त्या नसल्या तर हवा कंडेन्सरला वळसा घालून बाजूने निघून जाते.

मागचं_इंजिन
कागद उडाला! सरळ तोंडावर आला माझ्या. पंख्याची मोटर नवीन दिसते आणि वायरला टेप गुंडाळलेली, आधीच्या मालकाच्या काळातलं काम. वायर उलटी केली, आता कागद चिकटतो, मधली गोधडीही काढली (पाना_पेंचिस यांना साष्टांग नमस्कार). आयडलला हाय ३१० वरून २५५ वर आली, व्हेंट १४. पाणी मारलं तर अजून थोडी उतरते पण २३५ च्या खाली जात नाही.

एसीवाल्याला विचारलं, तो म्हणे बॉनेटखाली जो स्टिकर आहे त्यावर ९०० ग्रॅम लिहिलंय तेवढा बरोबर मोजून भरला.

हीटरकॉक
बघा, मोजून चूक केली. तो स्टिकर आर-१२ चा आहे. आर-१३४ए भरताना वजन साधारण ८० ते ९० टक्के घेतात.

गेजवाला_काका
अगदी. ९०० चे ८० ते ८५ टक्के म्हणजे ७२० ते ७६५. वरचा दीडशे ग्रॅम कंडेन्सरमध्ये द्रव होऊन बसलाय आणि तेवढी जागा वाया. पण आता व्हॉल्व्ह दाबून हवेत सोडून देऊ नका, बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहे आणि शिवाय किती गेला ते कळत नाही. मशीनने पूर्ण गॅस रिकव्हर करा आणि सिस्टिम उघडणारच असाल तर त्याच वेळी ही कामं उरकून घ्या:

ड्रायर नवीन टाका. जुना आर-१२ च्या काळातला असेल तर त्यातले दाणे आर-१३४ए साठी नाहीत, आणि तसाही ड्रायर एकदा ओलावा पिऊन भरला की संपला. नवीन ड्रायरची टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका, आणि ड्रायर बदलला की थोडं ऑइल घालायचं असतं, किती ते मॅन्युअलमध्ये मिळेल.

कंप्रेसरचं ऑइल कुठलं आहे ते बघा. आर-१२ बरोबर मिनरल ऑइल असायचं, ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, म्हणजे गॅसबरोबर फिरून कंप्रेसरकडे परत येत नाही, कूलिंग कॉइलमध्ये साचून राहतं. अशा गाड्यांत बहुतेक लोक एस्टर ऑइल घालतात कारण राहिलेल्या मिनरल ऑइलशी त्याचं जमतं. जुनं जमेल तेवढं काढा, वर नुसतं ओतत बसू नका, ऑइल जास्त झालं तरी कूलिंग पडतं.

जे जे जॉइंट उघडाल तिथे ओ रिंग नवीन, ऑइल लावून. जुन्या काळ्या ओ रिंग परत लावू नका, हिरव्या येतात त्या घ्या.

मग व्हॅक्यूम अर्धा पाऊण तास, पंप बंद करून काटा हलतो का बघा, आणि मग वजनावर ७३०-७४० ग्रॅम. गॅसच्या लाइनवरच्या छोट्या काचेतले बुडबुडे बघून भरणारा असेल तर नको म्हणा, ती पद्धत आर-१२ ची, आर-१३४ए मध्ये काच फसवते.

सावलीत_पार्क
आणि लीक सीलरचा डबा कुणी हातात दिला तर? माझ्याकडे पडून आहे एक.

गेजवाला_काका
तो डबा घाला आणि मग एक्सपान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर, गॅस रिकव्हर करणारं मशीन सगळं एकदमच बदला 😄 लीक असेल तर यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) घालून शोधायचं, नाहीतर आधी साधं बघायचं, जिथे जॉइंटला तेलकट धूळ चिकटलेली असते तिथेच बहुतेक असतं. कंप्रेसरच्या पुढच्या शाफ्ट सीलकडे खास बघा, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते सुकतं. म्हणून थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं एसी लावायचा.

मागचं_इंजिन
दुसऱ्या गॅरेजमधून करून घेतलं, समोर उभं राहून. मशीनने ८७० ग्रॅम बाहेर काढला, म्हणजे लीक जवळपास नाहीच. ऑइल आधीच एस्टर होतं, तेवढं एक आधीच्याने बरोबर केलं होतं. ड्रायर मात्र मूळचाच निघाला. ७४० भरला. बाहेर ३३ असताना आयडलला लो ३६, हाय २२५, व्हेंट १०. पळताना ६ ते ७. कंप्रेसर तोच जुना.

आता एकच, फुल ब्लोअरवर तासभर चालवलं की हवेचा जोर कमी होतो, थंड असते पण कमी येते, एसी थोडा वेळ बंद केला की परत जोरात. याला काय म्हणायचं?

पाना_पेंचिस
कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलच्या पत्र्यांमध्ये जी बारीक नळी खोचलेली असते थर्मोस्टॅट स्विचची, ती बाहेर सरकली असेल किंवा स्विच कंप्रेसरला वेळेवर कट देत नसेल. हीटरमधून गरम पाणी मिसळत होतं तोवर हे लक्षात यायचा प्रश्नच नव्हता, आणि प्रेशर चढलेलं असताना कॉइल तेवढी थंड होतही नव्हती. डॅशखालून हाउसिंगचा स्विच काढा, नळी परत जागेवर खोचा, आणि कॉइलसमोर कचरा आहे का तेही त्याच भोकातून टॉर्चने बघा. पाण्याचा ड्रेन पाइपही फुंकून घ्या.