मदत हवी आहे: निकोटिन गमवर कॉफी चालते का? रात्रभर धडधड

रातपाळी: रात्री दोन-अडीचला छातीत धडधड सुरू होते, हात थरथरतात. सकाळी घरी आल्यावर झोप नाही. गम वाढवू का? आज दहाला शिफ्ट आहे, त्याआधी सांगा.

कडक_कटिंग: गम किती मिग्रॅचा? दिवसाला किती? कॉफी किती? सिगरेट चालू की बंद? काहीच लिहिलं नाही आणि निघाले वाढवायला.

रातपाळी: २ मिग्रॅ, १०-१२ होतात. मशीनची कॉफी ४, पहाटे एनर्जी ड्रिंकचा २५० मिलिचा कॅन. सिगरेट बंद, म्हणून तर गम. ११ दिवस झाले. कॉफी आधीही एवढीच होती, तेव्हा काही झालं नाही.

गोळीवाला: गोम तिथेच आहे. धुरातल्या टारमधली रसायनं यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढवतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन लवकर निघून जातं. धूर बंद झाला की आठवड्याभरात एन्झाइम उतरतं आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जातं. गमने हे भरून येत नाही. ते काम धुराचं होतं, निकोटिनचं नाही. वर कॅफिन आणि निकोटिन दोन्ही मिळून नाडी आणि बीपी चढवतात. चिडचिड, झोप उडणं हे कॅफिननेही होतं आणि सिगरेट सुटल्यानेही, मग तलफ समजून अजून एक गम तोंडात. कॉफी निम्मी करा. एकदम शून्य नको, डोकं धरेल.

शुद्ध_देशी: गम म्हणजे सिगरेटच. बडीशेप चघळा, गवती चहा प्या.

कडक_कटिंग: सिगरेटच कशी? टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. रातपाळी, गम चावता कसा?

रातपाळी: कसा म्हणजे? च्युइंगमसारखा. कॉफी पिता पिता.

कडक_कटिंग: वाटलंच. हळूहळू चावायचा, तिखट झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. झणझण गेली की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास. सतत चावलात तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाऊन उचकी, मळमळ. आणि कॉफीने तोंड आंबट असलं की गालातून ते नीट शोषलंच जात नाही. गमच्या आधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत फक्त पाणी.

धूरमुक्त_नाही: त्यापेक्षा व्हेप (ई-सिगरेट) कुठे मिळेल?

कडक_कटिंग: २०१९ च्या कायद्याने विक्री बंद आहे. वेगळा धागा काढा.

गोळीवाला: थिओफिलिन (दम्याचं औषध) किंवा क्लोझापिन (मानसिक आजाराचं औषध) चालू असेल तर सिगरेट सोडल्याचं डॉक्टरांना आजच सांगा, तीही याच एन्झाइमने निघतात. छातीत दुखलं, भोवळ आली, ठोके चुकल्यासारखे वाटले तर शिफ्ट सोडून ईसीजी. सोडताना आधार हवा तर १८००-११-२३५६, सरकारी क्विटलाइन, फुकट.

रातपाळी: औषध काही नाही. पण कपाला ७० मिग्रॅ कॅफिन धरलं तर २८०, कॅनचे ७५. ४०० च्या आत आहे की!

गोळीवाला: ४०० ही निरोगी माणसाची दिवसभराची वरची मर्यादा, रोज गाठायचं टार्गेट नाही. जिमचं काही घेता?

रातपाळी: प्री-वर्कआउट, व्यायामाआधीची पावडर. त्यातही कॅफिन असतं? थांबा, बघतो.

रातपाळी: स्कूपला २०० लिहिलंय. मी दीड घेतो, शिफ्टच्या आधी.

कडक_कटिंग: म्हणजे ६५५! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. डबा आणि कॅन आजपासून बंद. कॉफी दोनच, दुसरी बाराच्या आत.