भाचा चालताना जिभेने टकटक करतो, सवय मोडायची का?

मंजिरी_के: भाचा नऊ वर्षांचा आहे, जन्मापासून दिसत नाही. हल्ली चालताना सारखं जिभेने टकटक करतो. ताईला वाटतं, लोक हसतील. कुणाला अनुभव आहे का?

काठीवाला_डोंबिवली: मंजिरीताई, अजिबात मोडू नका! मी पूर्ण अंध, रोज लोकलने भायखळ्याला जातो. पोरगा आवाजाने चाचपतोय. अमेरिकेतले डॅनियल किश तान्हेपणीच दोन्ही डोळे गेल्यावर असंच टकटक करत वाढले, आता जगभर हेच शिकवतात.

भिंत मीटरभरावर असली तर आवाज साधारण सहा मिलिसेकंदांत परत येतो. वेगळा प्रतिध्वनी ऐकूच येत नाही, आपल्याच आवाजाचा पोत बदलतो. बंद दारापाशी तो कडक लागतो, पडद्यापाशी मरतो, जिन्याच्या तोंडाशी पसरतो. मी स्वतः टकटक कमी करतो, काठीच्या टोकाचा आवाज पुरतो. शिवाय बाहेरचे आवाज आहेतच. खांब बाजूने गेला की रहदारीचा आवाज क्षणभर झाकला जातो. स्टेशनवर दिव्यांग डब्याच्या जागी बीप वाजतो, गर्दीत मी तोच धरून चालतो. पावसात डोक्यावर छत्री तडतडली की सगळं पुसलं जातं, म्हणून मी सरळ भिजतो. आणि मिरवणुकीत डीजे असला की घरी बसतो, इलाज नाही.

निनाद७: पण अंधांना म्हणे समोरची वस्तू चेहऱ्यावर जाणवते. सहावं इंद्रिय वगैरे?

काठीवाला_डोंबिवली: निनादराव, कपाळावर दाब आल्यासारखं मलाही वाटतं. पण कॉर्नेल विद्यापीठात हे तपासून झालंय, निष्कर्ष १९४४ साली छापून आले. चेहरा जाड कापडाने झाकला तरी माणसं भिंतीआधी थांबत. कान बंद केले की आपटत. सगळी करामत कानांची! डोळसांनाही जमतं; डरहॅम विद्यापीठाने दहा आठवडे सराव घेतला, त्यात अंधांबरोबर डोळसही शिकले.

मंजिरी_के: मग काठी नको का?

काठीवाला_डोंबिवली: काठी हवीच हो! खड्डा, खाली उतरणारी पायरी, उघडं गटार टकटक करून कळत नाही. घरी पंखा बंद करून भाच्याच्या तोंडासमोर कधी परात धरा, कधी उशी, आणि काय आहे ते ओळखायला सांगा. हळूहळू लांब न्या. टोपीने किंवा रेनकोटने कान मात्र झाकू देऊ नका.

मंजिरी_के: आजच करते. ताईला हा धागा पाठवलाय.