मदत हवी आहे: फवारणी ड्रोनच्या बॅटऱ्या पावसाळाभर कशा ठेवायच्या? (देवगड)

नमस्कार मंडळी,

आमचा महिला बचत गट देवगड तालुक्यात आंबा-काजूच्या बागांना ड्रोनने फवारणी करून देतो. मोहोर आला की तुडतुडे आणि भुरीसाठी बोलावणी सुरू होतात, आंबा उतरायला लागला की काम ओसरतं, आणि मिरगानंतर ड्रोन थेट दिवाळीपर्यंत बंद. म्हणजे चार-पाच महिने बॅटऱ्या नुसत्या पडून असतात. आता आगोटीची कामं चालू आहेत, त्यातच बॅटऱ्यांचीही सोय लावायची आहे.

बॅटऱ्या लिथियम पॉलिमर, ६ एस (म्हणजे एकापुढे एक जोडलेले सहा सेल), क्षमता १६,००० एमएएच. दोन-दोन जोडून ड्रोनला लागतात. साध्या आहेत, पडून असताना आपला चार्ज आपणच कमी करणाऱ्या स्मार्ट नाहीत. फुल झाल्या की २५.२ व्होल्ट दाखवतात.

गोंधळ असा आहे की पुरवठादाराचा माणूस फोनवर सांगतो, "फुल चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत लावा." पुस्तिकेत मात्र लिहिलंय, प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर ठेवा. कुणाचं ऐकायचं? एक जोड खराब झाला तर गटाच्या हंगामाच्या कमाईला मोठं भगदाड पडेल, त्यामुळे अंदाजाने काही करायची आमची तयारी नाही.

दुसरं, जागा. घर कौलारू. माळा मे महिन्यात तापतो आणि तिथे भाताचा पेंढाही असतो. पडवीत पावसाची झड येते. सगळ्यात कोरडं म्हणजे माजघर, पण तिथे मुलं झोपतात. समुद्र जवळ असल्यामुळे खारी हवा आहेच. परवा एका बॅटरीच्या बॅलन्स लीडच्या (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारांच्या) प्लगमध्ये टॉर्च मारून बघितलं तर दोन पिनांच्या मुळाशी मोरचुदासारखी हिरवट पूड दिसली.

तिसरं, एक बॅटरी मधोमध फुगली आहे. सपाट फरशीवर ठेवली की गोल फिरते. "थोडी फुगली तरी चालते" असं पुरवठादार म्हणतो. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (गुहागर)

ताई, पुस्तिका बरोबर आहे. फुल ठेवायचा सल्ला इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीचा. ती शिसे-आम्लाची असते, अर्धवट ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून ती भरलेलीच हवी. लिथियमचं नेमकं उलटं. सेल ४.२ व्होल्टवर पडून राहिला की आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं, वायू सुटतो आणि बॅटरीचं पिशवीसारखं आवरण फुगतं. उकाड्यात हे आणखी जोरात होतं. पार उतरवून ठेवाल तर तेही वाईट, कारण बॅटरी आपोआप थोडी-थोडी उतरतेच. सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला की आतल्या तांब्याचं नुकसान व्हायला लागतं आणि तो पुन्हा चार्ज करणं धोक्याचं होतं. म्हणून मधली पातळी. तुमच्या ६ एसला ती २२.८ ते २३.१ व्होल्ट.

आता फुल असलेली बॅटरी उतरवायची कशी? चार्जरमध्ये स्टोरेज मोड (बॅटरी आपोआप या मधल्या पातळीवर आणणारी सोय) असेल तर उत्तमच, पण आधी त्याची डिस्चार्ज क्षमता बघा. छोट्या चार्जरची जेमतेम ५ वॅट असते. तुमच्या एका बॅटरीतून साधारण १९० वॅट-अवर काढायचे आहेत, म्हणजे दीड दिवसाहून जास्त. सोपा उपाय म्हणजे टाकीत साधं पाणी भरून मोकळ्या कातळावर ड्रोन काही मिनिटं हवेत स्थिर ठेवायचा. पाऊस लागला असेल तर ट्रकच्या हेडलाईटचा २४ व्होल्ट, ७० वॅटचा बल्ब जोडा, तीन तासांच्या आत काम होतं. बल्ब भयंकर तापतो, म्हणून चिऱ्यावर ठेवा आणि सेल चेकर (प्रत्येक सेलचे व्होल्ट दाखवणारं छोटं मीटर) लावून समोर बसा, तिथून उठू नका. काम झालं की चेकरही काढा. तो लावून ठेवला तर सेल कमी-जास्त उतरतात.

उडवून आलेली बॅटरी या पातळीच्या खाली असेल तर तेवढी वर आणा. नंतर महिन्यातून एकदा फक्त मोजायचं. सेल ३.७ च्या आसपास आला तरच पुन्हा ३.८५ पर्यंत भरायचा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे पडत असेल तर ती बॅटरी वेगळी काढा.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

जागेबद्दल माझं ठाम मत: माजघरात नको, मुलं झोपतात तिथे तर अजिबात नको. पेंढ्याचा माळा तर विसराच. सामानाच्या खोलीत जमिनीवर जांभ्याचे चिरे रचून कोनाडा करा, आसपास लाकूड, रॉकेल, कपडे काही नको. त्यात बॅटऱ्या झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सिलिका जेलची मोठी पुडी टाकून, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा ठेवा. डबा क्लिपांनी आवळून बंद करू नका, बॅटरी बिघडली तर वायूला वाट हवी. सिलिकाचे दाणे रंग बदलतात, बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा.

हिरवी पूड म्हणजे गंजलेलं तांबं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना एकेक साफ करा, धातूची टोकदार वस्तू लावू नका, दोन पिना जोडल्या गेल्या तर जागीच ठिणगी. पूर्ण वाळल्यावर मुख्य कनेक्टरला रबरी टोपी आणि बॅलन्स प्लगवर टेप.

फुगलेली बॅटरी मात्र आजच घराबाहेर काढा. पावसाचं पाणी लागणार नाही अशा उघड्या शेडमध्ये, चिऱ्यावर. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा खुलासा वाचल्यावर सगळं लक्षात आलं. आणखी थोडं विचारते. सासूबाई म्हणतात, तांदळाच्या कणगीत ठेवा, ओल लागणार नाही. जाऊबाई म्हणतात फ्रीजमध्ये. शिवाय आमच्याकडे पावसात लाईट जाते. तौक्ते वादळात, मे २०२१ ला, कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा काय करायचं? आणि फुगलेल्या बॅटरीची शेवटी विल्हेवाट कशी लावायची? इथे कुणी म्हणालं, मिठाच्या पाण्यात बुडवा.

प्रतिसाद (गुहागर)

कणगी नको. तांदळाची पूड कनेक्टरमध्ये जाते, आणि खायच्या धान्यात बॅटरी ठेवूच नये. थंडाव्यात लिथियम टिकतं हे खरं, त्यामुळे जाऊबाईंचा विचार चुकीचा नाही, पण आपल्याकडच्या दमट हवेत फ्रीजमधून बाहेर काढल्याबरोबर बॅटरीवर पाण्याचे थेंब धरतात. ज्या ओलीपासून वाचवायचं तीच लागते. खोलीतल्या सावलीत ठेवलेली पुरे.

विजेची काळजी सोडा. ३.८५ वर ठेवलेल्या साध्या बॅटऱ्यांना महिनोन्‌महिने चार्जर लागत नाही, आणि मोजायचा चेकर बॅटरीवरच चालतो.

मिठाचं पाणी करू नका. टोकं गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहतो, वरून बॅटरी रिकामी झाली असं वाटतं. त्यापेक्षा उघड्यावर, कातळावर, २४ व्होल्टचा ५ वॅटचा छोटा बल्ब जोडून पूर्ण उतरू द्या, लांबून लक्ष ठेवा. मग टोकांना वेगवेगळी टेप लावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून पुरवठादाराला लेखी कळवा आणि ती कुठे जमा करायची ते त्याच्याकडून लेखीच घ्या. भंगारवाल्याला देऊ नका, तो ती ठोकून फोडेल.

दिवाळीनंतर काढाल तेव्हा आधी प्रत्येक सेल मोजा, पहिला चार्ज ८ अँपिअरवर सावकाश आणि बॅलन्स लीड लावूनच करा, आणि पहिलं उड्डाण औषध न भरता नुसत्या पाण्यावर, माणसाच्या उंचीइतकंच. जोडीतल्या दोन बॅटऱ्यांवर आत्ताच सारखा नंबर लिहून ठेवा, जोड्या अदलाबदल होऊ देऊ नका.