प्रकाश गळत नाही म्हणजे काच सुटली असं नाही

एकांनी लिहिलंय की घरातल्या इंटरनेटसाठी जी.६५७ ची फायबर (वाकवली तरी प्रकाश फारसा न गळणारी काचेची तार) घेतली की कोपऱ्यातून कशीही वळवा. सिग्नलपुरतं ठीक आहे. पण काच तीच, १२५ मायक्रॉन जाडीची. ५ मिमी त्रिज्येत वळवली तर बाहेरच्या कडेला सव्वा टक्का ताणली जाते. कारखान्यात अख्खी फायबर साधारण १ टक्का ताणून तपासतात, तीही क्षणभरच. तुम्ही भिंतीत वर्षानुवर्षं त्याहून जास्त ताण ठेवणार!

लगेच तुटत नाही हीच तर गोम आहे. पृष्ठभागावरच्या बारीक चिरेत हवेतली आर्द्रता शिरते, ताणाखालचे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटत जातात आणि चीर हळूहळू वाढते. पावसाळ्यानंतर एक दिवस लाल दिवा लागतो नि शिव्या राउटरला बसतात.

दुसरं म्हणजे स्ट्रिपर. त्याने फायबरवरचं प्लास्टिकचं कोटिंग काढताना पातं काचेला जरा जरी घासलं तरी ताकद पार घसरते, आणि स्प्लाइसिंग मशीन (दोन फायबर वितळवून जोडणारं) मात्र जोडात प्रकाशाची घट फक्त ०.०२ डीबी दाखवून मोकळं होतं. तो आकडा प्रकाशाचा, मजबुतीचा नाही. म्हणून मशीन शेवटी जोड ओढून बघतं, ती पायरी घाईत बंद करू नका. वळण १५ मिमी त्रिज्येच्या आत शक्यतो नको.